गोठ्याचा खांब

आबांची नजर शुगरनं गेली, त्याला तीन वर्षं झाली. गोठा पाडून तिथं घर बांधायचं ठरलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. आमचा म्हातारा बैल ज्या सागवानी खांबाला जन्मभर मान घासत राहिला, तो खांब नव्या दाराला लावायचा. बैल गेला, आता निदान येता-जाता खांबाला हात लागेल.

मान घासून घासून त्या खांबाला छातीच्या उंचीवर खळगी पडली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपानं मळले, की आबा बरबटलेले हात तिथंच पुसायचे. खळगी सोडून बाकी खांबावर सुतारानं रंधा मारला तर जुन्या तुपाचा वास सुटला. भर दुपारी मी तिथंच उभी राहिले. कुठंतरी घुंगरं वाजायलीत असं वाटलं. पूर्णेकडं जाणारी रेल्वेगाडी शिट्टी देऊन निघून गेली, तरी मी आपली तिथंच.

चौकट बसवायच्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं होतं. वाळूवाला वाळूच्या नावाखाली माती टाकून गेला होता आणि मी फोनवर त्याची खरडपट्टी काढत होते. लाकूड झाडात उभं होतं तसंच उभं करायचं, बुडखा खाली आणि शेंडा वर, ही सुतारांची रीत. पण बुडखा कापूनही पोखरलेलाच दिसत होता. मी टणक टोक खाली घ्यायला खुणावलं.

"शेंडा खाली जायलाय, ताई," सुतार म्हणाला.

मला लय अक्कल! हातानंच त्याला गप्प केलं. फोन ठेवेपर्यंत सिमेंट भरून झालं होतं आणि खळगी गुडघ्याच्या जरा वर आली होती.

चार दिवस मी आबांना मागच्या दारानं आत-बाहेर नेलं. तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणजे त्यांना दिसत नव्हतं तरी. पाचव्या दिवशी ते आपले आपणच चाचपडत पुढच्या दाराशी आले. हात छातीशी फिरला, वर गेला, परत खाली आला. सगळं सपाट. त्यांचा चेहरा उतरला. मी सगळं कबूल केलं. मग त्यांना उंबऱ्यावर बसवलं आणि त्यांचा तळवा खळगीत टेकवला.

बैलाची मान खाजवावी तसा त्यांनी खळगीतनं हात फिरवला.

"उभा न्हाई त्यो," ते हळूच म्हणाले. "बसलाय, माय. रवंथ करायलाय."