सुभद्राची वेलांटी

"डब्बा आणला मी, सुभद्राबाई. आता त्याच्यावर उन्मेष बसन. तुमी आपलं मशीन घरी घेऊन जा, वाटलं तर पापड वाळवा त्याच्यावर."

"पापड मी गच्चीवर वाळवतो, भैय्याजी. तुमच्या डब्ब्याले मराठी येते का, ते सांगा पहिले."

हे भांडण मी भिंतीपलीकडून ऐकलं. महाल मोहल्ल्यात आमची खोली आणि भैय्याजींचं टायपिंगचं दुकान, मधात एकच भिंत, आणि तीही नावालाच. मी तूर निवडत होते. हात तसाच सुपात राहिला. माझा रविंद्र तेव्हा दहावीला होता, म्हणजे अठ्ठ्याण्णव साल असावं.

सुभद्रा माझी मैत्रीण. तिचा नवरा शालिकराम ज्या गिरणीत कामाला होता, ती बंद पडली तेव्हा ही टायपिंग शिकली. भैय्याजींच्या दुकानातल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून लोकांचे अर्ज, शपथपत्रं टाइप करायची. त्या खुर्चीवर तिचं घर चालायचं. खुर्ची गेली की चूल गेली, एवढं सरळ होतं ते.

उन्मेष म्हणजे भैय्याजींचा पुतण्या. कॉम्प्युटरचा क्लास करून आलेला. त्यानं त्या कॉम्प्युटरच्या डब्ब्याला नारळ फोडला, कुंकू लावलं, आणि त्याच्या जवळ जायचं तर चपला बाहेर काढायच्या असा नियम केला. दुसऱ्याच दिवशी एक वकील आठ पानांचा मराठी मजकूर घेऊन आले. बटणांवर तर सगळी एबीसीडी. उन्मेष एका बोटानं "क" शोधत बसला. दुपारपर्यंत अर्धं पान झालं, त्यातही अर्ध्या चुका. वकीलसाहेब घड्याळ पाहायला लागले.

"सुभद्राबाई, जरा पाहता का?" भैय्याजींचा आवाज एकदम मऊ.

सुभद्रानं चपला काढल्या, बसली आणि डोळे मिटले. अक्षरं ज्यांनी त्या डब्ब्यात भरली होती, त्यांनी ती जुन्या टाइपरायटरच्याच जागी ठेवली होती. वर एबीसीडी असेना का, बोटांना सगळं ठाऊक. चारच्या आत आठही पानं छापून झाली. संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाली, "जिजे, डब्बा माह्याच हाताचा निघाला वं."

खुर्ची राहिली. भैय्याजींनी वर एक गादीही आणून टाकली.

पुढे तिनं सगळंच शिकून घेतलं. सुरुवातीला माऊस हवेत उचलून फिरवायची आणि बाण काहून हालत नाही म्हणून त्याच्याशी भांडायची. एकदा सेव्ह न करता लाईट गेली तर पाच पानं गेली. तेव्हापासून दर दोन ओळींनंतर सेव्ह करायची, जसं आपण वरणाला मधून मधून चमचा लावतो.

आता तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. भैय्याजी केव्हाच गेले. दुकान उन्मेषचं, त्याचंही पोट सुटलेलं. बहुतेक अर्ज ऑनलाईन झाले. तिथे जुन्या फॉन्टची अक्षरं चालेनात, नवी घ्यावी लागली. बटणं तीच होती, फक्त एक गोष्ट उलटी झाली. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारतात आणि अक्षर मागून. या नव्या अक्षरांना आधी अक्षर लागे, मग वेलांटी. पस्तीस वर्षांची बोटं, ती कशाला ऐकतात? रविंद्रचा रिवंद्र झाला. सरिताची सिरता झाली. मिनलचं तर नुसतं मनल, आणि त्याच्या आधी वेलांटीखाली ठिपक्यांचं रिकामं वाटोळं. आठ दिवसांत अकरा अर्ज वापस आले.

"काकू, तुमचं वय झालं," उन्मेष म्हणाला. "घरी बसा आता. मी कामाले एक पोरगी पाहून ठेवली आहे."

"सोमवारी बचत गटाच्या साठ बाया येऊन राहिल्या ना? त्यातला एक अर्ज वापस आला तर मी आपल्या पायानं घरी जातो. नाही आला, तर पुन्हा वयाचं नाव काढू नको."

त्या दिवशी ती पदराखाली एक जुना कीबोर्ड घेऊन माझ्या घरी आली. मी त्याच्या वेलांटीच्या बटणावर कुंकवाचं बोट टेकवलं, म्हणजे मला दिसावं. मी मोहल्ल्यातली नावं सांगायची, तिनं बटणं दाबायची, आणि बोट कुंकवावर आधी गेलं की मी लाटण्यानं हळूच टोला द्यायची. पहिल्या दिवशी तिची बोटं लाल झाली, काही कुंकवानं, काही लाटण्यानं.

"नाही जमत वं," ती म्हणाली. "डोयाले वेलांटी पहिले दिसते."

मी चौथी शिकलेली. मला अक्षर वाचायचं तर आधी पुटपुटावं लागतं. मी म्हटलं, "डोये सोड. म्हणून पाह्य. मि. तोंडात पहिले काय येते?"

"म."

"मंग मागून इ. हे मशीन तोंडाचं ऐकत असन, डोयाचं नाही."

तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं. मग पुटपुटत बटणं दाबायला लागली. रविवारपर्यंत लाटणं स्वयंपाकघरात परत गेलं.

सोमवारी साठ बाया आल्या. एकेक समोर बसे, नाव सांगे, सुभद्रा ते तोंडातल्या तोंडात म्हणे आणि मगच बोटं चालत. उन्मेष मागे उभा. एक बाई मला म्हणाली, "ह्या काकू मंत्र म्हणतात का वं?" मी म्हटलं, "हो, वेलांटीचा."

शुक्रवारी निकाल आला. साठपैकी एकही वापस नाही.

"मंग? कोणाले बसवतं खुर्चीवर?" सुभद्रानं विचारलं.

"बसा न काकू. तुमाले उठवलं कोणी?" उन्मेष खाली पाहून म्हणाला, आणि सगळ्यांसाठी तर्री-पोहे सांगायला गेला. सुभद्रानं दोन प्लेटा खाल्ल्या, वरून तर्री मागून घेतली.

गेल्या पौषात ती झोपेतच गेली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. त्याच्या आदल्या दिवशीचं काम मी पाहिलं आहे, कारण मी सोबत होते. मनीषनगरातले ओमप्रकाशजी गुडघ्यांमुळे दुकानापर्यंत येऊ शकत नव्हते. सुभद्रानं त्यांचा अर्ज टाइप केला, छापला आणि बसनं घेऊन गेली. तिथे पलंगाशी स्टूल ओढून तिनं अर्ज पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचून दाखवला, सगळ्यांना दाखवायची तसा. ओमप्रकाशजींनी दोन्ही प्रतींवर सही केली. एक तिनं त्यांच्या हातात दिली, दुसरी प्लास्टिकच्या पिशवीत घातली. चहा नको म्हणाली, पाणी प्यायली, आणि आम्ही निघालो. दुकानात दोन माणसं तिची वाट पाहत होती.