शेततळ्यातले भोपळे

गुडघ्यांनी दगा दिला आणि सासऱ्यांनी मेंढरं विकली. तेव्हापासून ते घुम्यासारखे झाले. मी त्यांना मामा म्हणते. दिवसभर आमच्या शेततळ्याच्या काठी बसायचे आणि शेजाऱ्याच्या तळ्यावर उतरणारी रानबदकं बघून चरफडायचे. आमच्या पाण्याकडे एकही फिरकत नव्हतं. मला पाखरांचं काही पडलेलं नव्हतं, पण मामांचं ते रिकामं बसणं बघवेना.

मोबाईलवर एक व्हिडिओ सापडला. कुठल्याशा देशातले शिकारी पाण्यावर नकली बदकं सोडतात, त्यांना बघून खरी उतरतात, की हे बंदूक चालवतात. बंदूक आपल्याकडे कायद्याला चालत नाही आणि आमच्या माळकरी सासूबाईंना तर नाहीच. पण युक्ती उचलायला काय हरकत? मी वाळलेले दुधी भोपळे रंगवले, वाऱ्यानं वाहून जाऊ नयेत म्हणून दोरीनं वाळूच्या पुरचुंड्या बांधल्या. दगडानं तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद फाटला असता, तर नवऱ्यानं मलाच भोपळ्यासारखं सोडलं असतं.

नवरा ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून भोपळे मांडत होता आणि मामा काठावरून हुकूम सोडत होते. सगळे एका कोपऱ्यात, अंगाला अंग लावून. वर प्रत्येकाच्या पाठीवर गेरूचा पट्टा!

"मामा, भोपळे हायेत ते!"

"मंग? कळप हाये ना. शेजाऱ्याच्यात मिसळला तर वळखावं कसं?"

बदकं आली, दोन घिरट्या घातल्या आणि शेजाऱ्याकडे गेली. मामा जेवले नाहीत. माझं डोकंच फिरलं.

"एवढ्या दाटीत पाव्हण्यांनी बसावं कुठं? त्या व्हिडिओत बघा, मधी बराबर जागा सोडलीय."

"इखरून ठिवलं तर लांडगा नेतो."

"तळ्यात लांडगा येत न्हाई, मामा!"

शेवटी गेरू धुतला. भोपळे ऐसपैस पसरले, मधलं पाणी मोकळं ठेवलं. दुसऱ्या सकाळी बदकं आली, फिरली आणि नेमकी त्या मोकळ्या पाण्यात उतरली. मामा गुडघे विसरून उभे राहिले आणि आनंदाच्या भरात त्यांनी मेंढरं गोळा करायची खणखणीत हाळी दिली.

फडफड करून सगळा थवा उडाला. मी कपाळावर हात मारला. आता हे पुन्हा मुके होणार!

मामा मात्र डोळ्यांवर हात धरून आभाळाकडे बघत होते. "जाऊ दे," ते म्हणाले, "चराया गेलेत. सांच्याला येतेत बराबर."

मेंढरं गेल्यापासून त्यांना संध्याकाळची वाट बघताना मी पहिल्यांदाच पाहिलं.