झाडाचं वाक्य

मार्चमध्ये दहावीला इंग्रजीनं मला पाडलं तेव्हा फारसं वाईट वाटलं नाही, कारण निम्मा वर्ग पडला होता. पण ऑक्टोबरलाही नापास झाले तर शाळा बंद, हे घरात ठरलेलं होतं. म्हणून पावसाळाभर मी गाइडमधले शब्द घोकत होते. परीक्षेत शब्द द्यायचे, वाक्य आपण करायचं, वाक्याला एक मार्क. त्यात एक होता ‘टॉपल’. कोसळणं, उलथवून टाकणं.

त्याच पावसाळ्यात माझ्या मायवर अविश्वास ठराव आला. शिरड शहापूरच्या अलीकडं आमचं गाव. राखीव जागेवर माय सरपंच झाली होती. सही करायला तिला दोन मिनिटं लागायची, पण नळ आधी आमच्या वस्तीला, यावर ती अडून बसली होती.

ठरावाच्या आठ दिवस आधी सदस्यांना जीपमध्ये घालून देवदर्शनाला नेलं. अशा वेळी आमच्याकडच्या पुढाऱ्यांना देव फार आठवतो. मायला पाडायला सातांतले सहा हात लागत होते. सहावा हात शेजारच्या काकूचा. मायनंच दारोदार फिरून तिला निवडून आणलं होतं. तीही जीपमध्ये बसून गेली, तरी माय म्हणत राहिली की फुकटचं फिरणं आहे, फिरू दे, आपल्या वस्तीविरुद्ध ती हात वर करायची नाही.

सभेच्या दिवशी मी पंचायतीच्या खिडकीशी उभी होते. आमच्या घरात नवस करत नाहीत. मी त्या दिवशी मनातल्या मनात केला. पाच हात लगेच वर गेले. काकू कोरी साडी नेसून आली होती. तिनं पदर सारखा केला, जमिनीकडं बघितलं आणि हात वर केला.

रजिस्टरात लिहिलं की सरपंच मनमानी करतात. मायनं ते माझ्याकडून वाचून घेतलं.

 घरी आल्यावर माझ्या हातातल्या गाइडकडं बघून तिनं विचारलं, आज कोणता शब्द आहे. मी ‘टॉपल’चा अर्थ सांगितला.

“मंग माहंच लिही की,” ती म्हणाली. “नळासाठी पाडलं म्हून लिही. तिथं खोटं लिवलंय. एका तरी कागदावर खरं येऊ दे.”

मी हो म्हटलं. ‘दे टॉपल्ड माय मदर’ इथपर्यंत जमायचं. पुढं नळ कसा जोडायचा ते कळेना, आणि विचारणार कुणाला?

ऑक्टोबरच्या पेपरात तो शब्द आला. मायचं वाक्य चुकलं तर मार्क जाईल, ही भीती होती. मी गाइडमधलं लिहिलं, ‘द विंड टॉपल्ड द ट्री’. वाऱ्यानं झाड पाडलं.

मला बरोबर पस्तीस मिळाले. त्यातला एक त्या झाडाचा, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

“ते लिवलंस का?” निकालाच्या दिवशी मायनं विचारलं.

मी व्हय म्हणाले.

ती घागर घेऊन हातपंपावर गेली, मी तिच्या मागं. तिथं काकू पाणी भरत होती. चार महिन्यांत माय तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

“माह्या पोरीनं समदं लिवलंय,” माय शांतपणे म्हणाली. “बोर्डात गेलाय कागद.”

काकूनं मान खाली घातली. तिच्याहून खाली माझी गेली.