पेटी आली, किल्ली नाही

"ऊठ गं आता. फोटू झाला."

सरपंच हसत म्हणाले. कर्जतहून आलेल्या फोटोवाल्यानं कॅमेरा अजून खालीसुद्धा घेतला नव्हता. एका बाजूला डॉक्टर, एका बाजूला सरपंच, मधे खुर्चीवर मी. मी उठले. माझ्या खुर्चीत सरपंचांचा मेहुणा बसला आणि सभा सुरू झाली. मी दाराजवळ, भुईवर. म्हणायला समितीची सभासद.

ही आरोग्य समिती. सरकारी दवाखाना आणि मुंबईची एक संस्था, दोघांनी मिळून काढलेली. गावाचं आरोग्य गावानं सांभाळायचं, लोकांचा सहभाग पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. वाडीवरची एक बाई हवीच, हाही त्यांचाच आग्रह. सरपंचांनी मला निवडलं. का, ते मी तेव्हाच ओळखलं. मी त्यांच्या शेतावर लावणीला जायची. बांधावर जी मान वर करत नाही, ती सभेत काय तोंड उघडणार?

आमची ठाकरवाडी कोंडाण्याच्या लेण्यांच्या अंगाला, डोंगरात. गाव खाली. मधे ओढा. संस्थेनं मला कर्जतला नेऊन शिकवलं, तापाला कुठली गोळी, जखमेला काय लावायचं. वाडीसाठी औषधांची पत्र्याची पेटीही दिली. ती राहिली सरपंचांच्या पडवीत. त्या दिवशी सभेत मी भुईवरूनच विचारलं, "पेटी वाडीत का नाय?"

"कुडाच्या घरात पेटी? चण्याफुटाण्यागत गोळ्या खाल तुमी," सरपंच म्हणाले.

सगळे हसले. डॉक्टरही हसले. ते हसणं मला अजून टोचतं.

त्याच पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं पोर थंडीतापानं फणफणलं. मी छातीएवढ्या पाण्यातून ओढा ओलांडून सरपंचांच्या घरी गेले. पडवीत पेटी समोर दिसत होती. तिला कुलूप. सरपंच खोपोलीला गेलेले.

"किल्ली ह्यांच्या करगोट्याला हाय. मी काय करू गं?" उंबऱ्याआडून त्यांची बायको म्हणाली.

कुलपाला हात लावला असता तर चोर ठरले असते. अंगणात भिजत बसून राहिले. दिवेलागणीला सरपंच आले, आधी हातपाय धुतले, चहा घेतला, मग किल्ली काढली. गोळ्या घेऊन वर पोचले तेव्हा बहिणीच्या मांडीवरचं पोर गार झालं होतं.

पुढं भातकापणीच्या दिवसांत निरोप आला, मुंबईचे पाहुणे वाडी बघायला येणार. सकाळीच सरपंचांचा गडी पेटी डोक्यावर घेऊन हजर. माझ्या ओट्यावर ठेवली, वर हळदकुंकू वाहिलं.

"पाव्हण्यांनी इचारलं तं सांग, पेटी हितंच असते. सांजच्याला मी न्यायला येतो."

कुलूप तसंच होतं. म्हणजे आमच्या दारात त्यांची पेटी फोटोपुरती आली होती.

पाहुणे आले. मुंबईची बाई फार गोड बोलायची. फार गोड बोलणाऱ्याचा मला आधी संशय येतो. तिनं विचारलं, "औषधं वेळेवर मिळतात ना?" सरपंच माझ्याकडे टक लावून बघत होते. डॉक्टर जमिनीकडे.

तरी बोलले. "पेटी आज सकाळी आली. किल्ली नाय आली. ती सरपंचांच्या कमरेला हाय. बहिणीचं पोर मेलं तवाबी तिथंच होती."

"अडाणी बाई हाय," सरपंच म्हणाले.

त्या बाईनं मान हलवली, "आम्ही लक्ष घालू" म्हणाली आणि जीपकडे उतरली. तिच्या मागोमाग सरपंच आणि डॉक्टरही. मी तिच्या लक्षाची वाट बघितली नाही. पाहुणे दिसेनासे व्हायच्या आत, सगळ्या वाडीदेखत, कोयत्याच्या पाठीनं कुलूप फोडलं. आतल्या निम्म्या बाटल्या रिकाम्या. वाडीच्या नावावरची औषधं कुणाकुणाच्या घरी गेली, ते सरपंचांनाच ठाऊक.

संध्याकाळी गडी आला. माझी बहीण पेटीवर बसली होती. ती उठली नाही. तो आला तसा परत गेला.

दुसऱ्या दिवशी निरोप. बांधावर पाय ठेवायचा नाही. समितीतून नाव कमी. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? त्या बांधावरच्या मजुरीवर आमची चूल पेटायची.

नाव काढू दे. मजुरीला मी दहिवलीला जाईन. पेटी वाडीतून हलणार नाही. पोरांच्या हाती लागू नये म्हणून ती आढ्याला टांगली आहे, पण कुलूप तिला लागणार नाही. नवीन औषध आलं की वाडीसमोर मोजून घ्यायचं, मगच आणणाऱ्यानं खाली उतरायचं. डॉक्टर असो, सरपंच असो, मुंबईची गोड बाई असो. उद्या कुणाला माझाच संशय आला, तर त्यानं माझ्यादेखत पेटी पालथी करावी. मी आडवी येणार नाही. पण घरात पोर तापलेलं असताना वाडीतली कुठलीही बाई आता किल्लीसाठी कुणाच्या अंगणात बसणार नाही.