मिठाची ओळ

थोरलीला आयुष्यात कशाचा झाला नसेल एवढा त्रास धाकटीच्या पायांच्या फोटोंचा व्हायचा. दर हिवाळ्यात, इकडे खिडक्यांच्या काचा धुक्यानं आंधळ्या झाल्या आणि मोज्यांवर मोजे चढले, की धाकटी आणि तिचा नवरा विमानात बसून त्या बेटावर जायचे. तिसऱ्या दिवशी फोटो यायचा. वाळूवर पसरलेल्या दोन पायांच्या जोड्या, पुढं निळंशार पाणी, आणि खाली ‘ताई, तू एकदा यायलाच हवं’. थोरली उत्तराला एक हसरा चेहरा पाठवायची आणि मग दिवसभर गिऱ्हाइकांच्या कोटांच्या चेनी जरा जास्तच जोरानं ओढायची.

ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कामाला होती. बावीस वर्षं त्याच काउंटरमागं उभी. आलेला कपडा झटकायचा, खिसे तपासायचे, डाग कशाचा ते ओळखायचं आणि नंबराची चिठ्ठी पिनेनं लावायची. नुसता डाग बघून माणूस काय जेवला, कुठं बसला होता आणि घरी काय सांगणार आहे, हे तिला कळायचं. ती बोलायची नाही, एवढंच. धाकटीचे बेटावरचे कपडेसुद्धा दरवर्षी इथंच धुवायला यायचे. पिशवी उघडली की शिवणींतून काउंटरवर वाळू सांडायची. ती वाळू फडक्यानं पुसताना थोरलीच्या मनात जे यायचं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

आई मात्र थोरलीकडे होती. पाच वर्षांपूर्वी आईची डावी बाजू लुळी पडली, तेव्हा धाकटीचं घर मोठं, उजेडाचं, आणि तरीही आई म्हणाली, मी मोठीकडे राहते. त्या एका वाक्यावर थोरली जगत होती. धाकटीला बेट, आपल्याला आई, अशी तिनं मनातल्या मनात वाटणी करून टाकली होती. वाटणीत आपलंच पारडं जड आहे, असं ती स्वतःला बजावायची. पण फोटो आला की तिळपापड व्हायचा तो व्हायचाच.

या हिवाळ्यात धाकटी घरी आली आणि म्हणाली की यंदा तिकिटं ताईच्या आणि भावोजींच्या नावावर काढली आहेत. सात दिवस तुम्ही जा, मी इथं आईजवळ राहते. थोरलीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. जन्म सगळा अंधाऱ्या उभ्या भुयारात ग्रीस पुसण्यात गेलेला. तो लगेच उठून कपाटावरची बॅग काढायला लागला. थोरलीला मात्र ते जुनी साडी देऊन टाकावी तसं वाटलं. तिनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “जा की.” एवढं चटकन म्हणाली की तेही टोचलं.

निघण्याच्या आदल्या दिवशी थोरली धाकटीसाठी सूचना लिहायला बसली. औषधं कुठली, कोणत्या वेळी, कुशीवर कसं वळवायचं, उशी कुठल्या बाजूला, रेडिओ किती मोठा. चांगली दोन पानं भरली. आईच्या गळ्यात जेवताना बांधायचे सात रुमाल तिनं इस्त्री करून ठेवले आणि सवयीप्रमाणे प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी लावली, एक ते सात, रोज एक. मग ‘जेवण’ असं लिहिलं. ‘मऊ भात, सूप, दोन वेळा.’ आणि तिथं पेन थांबलं.

कारण खरी गोष्ट पुढच्या ओळीत होती. आईची भूक आजारपणात गेली होती. खा म्हटलं की ती तोंड मिटायची. पण आईनं तीस वर्षं एका कारखान्याचं कँटीन चालवलं होतं, रोज तीनशे माणसांचं जेवण. थोरलीनं एकदा सहज म्हटलं, “आई, मीठ बघ जरा,” आणि आईनं तोंड उघडलं. रुग्ण म्हणून नाही, मुकादम म्हणून. चमचा जिभेवर घोळवला आणि निकाल दिला, “कमी आहे.” मीठ तर डॉक्टरांनी बंद केलेलं. मग थोरली डबा उघडायची, झाकण वाजवायची, रिकामाच चमचा वाटीत फिरवायची आणि विचारायची, आता? आई म्हणायची, “आता बरोबर.” असं करत वाटी संपायची. पाच वर्षं हे दोन्ही वेळेला चाललं होतं आणि घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

थोरलीनं ती ओळ लिहिली नाही. पान उलटलं आणि पुढं ‘अंघोळ’ असं लिहिलं.

आई उपाशी राहावी असं तिला वाटत होतं का? छे, इतकी वाईट बाई ती नव्हती. तिला एवढंच हवं होतं की दुसऱ्या दिवशी फोन यावा आणि धाकटीनं रडवेल्या आवाजात म्हणावं, ताई, आई तुझ्याशिवाय जेवत नाही गं. मग ती सांगणारच होती. फक्त आधी ते वाक्य ऐकायचं होतं.

बेट फोटोतल्यापेक्षाही सुंदर निघालं, हा आणखी एक ताप. पाणी खरोखरच तसलं निळं होतं. खोलीतली चादर एवढी पांढरी की थोरलीनं तिची किनार उलटून बघितली आणि मनातल्या मनात धुणाऱ्याला दाद दिली. नवरा सकाळी नाष्टा करून छत्रीखालच्या खुर्चीवर आडवा व्हायचा, तोंडावर टोपी ठेवायचा आणि घोरायला लागायचा. शेजारच्या खुर्चीवर थोरली ताठ बसायची, मांडीवर फोन घेऊन. ऊन पाठीवरून सरकत गुडघ्यांवर यायचं, तिथून पावलांवर जायचं, तिचं लक्ष नसायचं. नवऱ्यानं एकदा टोपी उचलून म्हटलं, की ती पलीकडची बाई बघ, काही करत नाही, नुसती पडलीय. तेवढं तरी जमतंय का बघ.

फोन आला. व्हिडिओवर धाकटीचा हसरा चेहरा, शेजारी आई. आईचे केस छान कापलेले आणि नखांना गुलाबी रंग. गुलाबी! थोरलीनं पाच वर्षांत त्या नखांना फक्त कातरलं होतं.

“जेवली का?” तिनं विचारलं.

“हो हो, सगळं मस्त चाललंय. तू आराम कर.”

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आई हसून हात हलवायची. म्हणजे धाकटीच्या हातून जेवतेय, गुपितही लागलं नाही, काही नाही. आपण पाच वर्षं झाकणं वाजवली आणि ही तीन दिवसांत रंगलेल्या नखांनी जिंकून गेली. थोरलीला अन्न गोड लागेना. आधी आपल्याकडे बेट नाही म्हणून पोटात दुखायचं, आता बेटावर बसून आईच्या उशाशी बसलेल्या बहिणीचा हेवा वाटत होता. अशा माणसाला कुठं नेऊन बसवावं, देव जाणे.

चौथ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन आला. धाकटी काहीतरी सांगत होती, पण थोरलीची नजर आईच्या गळ्याकडे गेली. रुमालाच्या कोपऱ्यात चिठ्ठी होती. एक नंबर. चौथा दिवस, आणि रुमाल एक नंबरचा. इस्त्री जराही मोडलेली नव्हती. आईच्या तोंडाची डावी बाजू सैल, दोन चमच्यांत हनुवटीवरून ओघळ यायचा म्हणजे यायचाच. त्या रुमालावर सुपाचा एक ठिपका नव्हता.

थोरली खुर्चीतून उठली आणि अनवाणी, तापल्या वाळूतून, लोकांपासून लांब गेली.

“आई जेवलेली नाही,” ती म्हणाली. “खरं सांग.”

धाकटी फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. मग तिचा आवाज आला, अगदी बारीक. आई नळीनं दूध घेते, औषधं घेते, बाकी तोंड मिटून बसते. केस कापले, नखं रंगवली, गोष्टी सांगितल्या, काही उपयोग नाही. आणि आईनं बजावलंय, मोठीला कळता कामा नये. ती पहिल्यांदा कुठंतरी गेलीय.

म्हणजे थोरलीला हवं होतं ते वाक्य आलं होतं. चार दिवस त्याचीच वाट बघत होती ती, आणि आता ते नकोसं झालं. विसरले, असं म्हणता आलं असतं. धाकटीनं विश्वास ठेवला असता.

“मी एक ओळ लिहिली नाही,” थोरली म्हणाली. “विसरले नाही. मुद्दाम लिहिली नाही.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

“मला वाटलंच,” धाकटी म्हणाली. “उशीबद्दल आठ ओळी लिहिणारी बाई जेवणाची एकच लिहील? सांग आता.”

थोरलीनं सांगितलं. पण अर्धंच. मीठ बघायला सांग, एवढंच. डब्याचं नाही सांगितलं. स्वभावाला औषध नाही ते असं.

धाकटीनं सूप गरम करून आणलं, फोन पलंगाशेजारी उभा करून ठेवला. चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला.

“आई, मीठ बघ जरा.”

थोरलीनं फोन कानाशी दाबला. मग आईचा आवाज. “कमी आहे.”

थोरलीला आनंद झाला. लाज वाटली, तरी झाला. धाकटी गोंधळली. ताई, मीठ तर बंद आहे ना, आता काय करू? डब्याचं गुपित अजून थोरलीकडेच होतं. तिच्याकडची शेवटची वस्तू होती ती.

“घालू नकोस,” ती म्हणाली. “डबा उघड. झाकण वाजव. रिकामा चमचा वाटीत फिरव आणि परत दे.”

“रिकामा?”

“रिकामा.”

झाकण वाजलं. “आता बरोबर,” आई म्हणाली. मग चमचा, पुन्हा चमचा, पुन्हा झाकण. थोरली उन्हात उभी राहून एकेक चमचा मोजल्यासारखा ऐकत राहिली. प्रत्येक चमचा तिला खुपत होता आणि एकही थांबू नये असंही वाटत होतं. वाटी संपली तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं, की फोन स्पीकरवर होता. रिकाम्या चमच्याचं आईनं सगळं ऐकलं होतं.

“आई,” ती म्हणाली, “तुला कळलं.”

“तीनशे माणसांचं मीठ बघितलंय मी,” आई म्हणाली. “रिकामा चमचा आज कळला होय मला?”

“मग तूच सांगायचं ना हिला. चार दिवस उपाशी कशाला राहिलीस?”

“मी कशी सांगू? ते तुझं होतं. तूच द्यायला हवं होतंस.”

नवरा टोपी हातात घेऊन तिला शोधत आला होता. काय झालं, असं त्यानं विचारलं. जेवली, एवढंच ती म्हणाली आणि त्याच्याबरोबर खुर्चीकडे परतली. त्या दुपारी ती आडवी झाली आणि झोपलीसुद्धा.

संध्याकाळी धाकटीचा फोटो आला. पाय नव्हते, समुद्र नव्हता. आईच्या गळ्यातला एक नंबरचा रुमाल होता आणि त्यावर तळहाताएवढा सुपाचा डाग. खाली धाकटीनं विचारलं होतं, ‘ताई, हा कशानं निघेल?’

थोरलीला ते चांगलंच ठाऊक होतं. तिनं उत्तर लिहिलं, ‘तसाच राहू दे. मी आले की काढीन.’