साडभाऊंचा उतारा

जगातल्या कुठल्याही गोष्टीला दुसऱ्या कुठल्याही गोष्टीने भागून मोकळा होणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडभाऊ, म्हणजे थोरला साडू, निघाला. दिग्रसच्या एका जिनिंगात त्यांची हयात गेली. कापसाच्या गाड्या किती आल्या, हे तिथे कुणी विचारत नाही. क्विंटलामागे रुई किती निघाली, तो उतारा खरा. साडभाऊंनी तोच उतारा सगळ्या जगाला लावला. लग्नात पानामागे जिलब्या किती, एसटीत सीटमागे उभे किती. सासऱ्यांच्या तेरवीला तर ते रडणाऱ्यांमागे खरे रडणारे किती, हे काढायला बसले होते. बायकोने डोळे वटारले म्हणून राहिलं.

पण खरा जीव व्हिडिओ गेमच्या यंत्रांच्या भांडणात. त्यांच्याकडे काळं यंत्र. त्यावर आम्ही दोघं दर रविवारी क्रिकेट खेळायचो. मग माझी मारेगावला बदली झाली आणि मी तिथे शत्रुपक्षाच्या कंपनीचं पांढरं यंत्र घेतलं. महिनाभर त्यांनी फोन उचलला नाही. उचलला तो भांडायलाच.

"भाऊ, आमची यंत्रं जास्त खपली," मी म्हणायचो.

"यंत्रं कायले सांगून राह्यला? एका यंत्रामागं गेम किती इकले, तो उतारा सांग. तुमचे लोक यंत्र घेतात अन् त्याच्यावर टॉवेल वाळवतात."

अशी दोन वर्षं गेली. या दिवाळीत मी माझ्या चौदा गेमांचा हिशेब घेऊन दिग्रसला त्यांच्या घरी धडकलो. त्यांच्या फळीवर गेमची एकच डबी, तीही रिकामी.

"भाऊ, तुमच्या कंपनीचा उतारा तुम्हीच पाडून राह्यले!"

साडभाऊ ती डबी उगाच सरळ करायला लागले. थोरल्या मेहुणीनेच आतून सांगितलं, "तुमची मॅच अर्धी हाये त्या यंत्रात. दुसरी चकती टाकली तर पुसली जाईन म्हणतात."

"तसं होत नाही, भाऊ. सेव्ह राहते ती."

"राहत असन. पण रिस्क कायले घ्या?" म्हणत त्यांनी यंत्र सुरू केलं.

पडद्यावर मी अठ्ठेचाळीसवर नाबाद होतो. दोन वर्षं हा माणूस माझी विकेट घ्यायला थांबला होता, आणि मी चौदाच्या चौदा गेम एकट्याने खेळलो होतो. मला फार लाज वाटली. त्यांनी दुसरा रिमोट शर्टाला पुसून माझ्या हातात दिला.

मॅच संपूच नये म्हणून मी षटकामागे एकच धाव काढत राहिलो. एवढा कमी उतारा साडभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदाच मुकाट चालवून घेतला.