मामांची बँकॉकची खरेदी

"घेऊ नका, पण हात तर लावून बघा," असं म्हणत मामा साडीचा पदर गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. एकदा हात लागला की गिऱ्हाईक रिकामं जायचं नाही. परभणीच्या बाजारात एका कापड दुकानाच्या गादीवर बसून त्यांनी चाळीस वर्षं साड्या उलगडल्या. तुमच्याही गावात असा एक माणूस असेलच. नवरी पोखर्णीची असो की चारठाण्याची, तिला कोणता रंग खुलेल हे मामा नुसतं तोंडाकडे बघून सांगत.

आणि याच माणसाच्या बायकोला दर दिवाळीला दुकानात पडून राहिलेली साडी. घडीवर रंग उडालेली, मालकानं स्वस्तात दिलेली. मामी ती मुकाट्यानं नेसायच्या. शेजारी म्हणून मला याचा राग यायचा आणि मी तो बोलूनही दाखवायचो. मामा हसून म्हणायचे, "दुकान आपलं थोडंच हाय?"

मामांनी काम सोडलं त्या वर्षी आम्ही सहलवाल्यांबरोबर बँकॉकला गेलो. मी, मामा आणि आमच्या गल्लीतले निवृत्त गुरुजी. रोज सकाळी सोबत फिरणारे तिघे. निघताना मामांनी मला बाजूला घेतलं. "तिच्यासाठी एक साडी आणायची हाय. सोता पसंत करून. आजवर न्हाई जमलं."

तिथल्या पहुडलेल्या बुद्धासमोर गुरुजी हात जोडून उभे राहिले ते हलेचनात. डोळे भरून आले होते त्यांचे. आम्ही दोघं बाजूला थांबलो. मग नदीतून होडीनं फिरलो. दुपारी आंब्याच्या फोडी आणि गोड भात खाल्ला. "आंब्यासंगं भात? घरी सांगितलं तर खोटं वाटंल," असं म्हणत मामांनी दोन ताटल्या संपवल्या.

संध्याकाळी रेशमाच्या दुकानात शिरलो. मामांनी सवयीनं चपला बाहेर काढल्या आणि आत जाऊन गादी शोधू लागले. गादी कुठली, नुसती फरशी. तर पठ्ठ्या फरशीवरच मांडी घालून बसला! विकणारी बाई आधी गोंधळली, मग हसत तीही समोर बसली आणि तागे उलगडू लागली. आयुष्यात पहिल्यांदा मामा गादीच्या या बाजूला होते.

पंधरा-वीस रंग उलगडून झाले, तरी मामा काही बोलेनात.

"अहो, सांगा की कोणता," मी म्हणालो.

"तिला काय आवडतं तेच ठाऊक न्हाई मला," मामा हळूच म्हणाले. अख्ख्या जिल्ह्याचे रंग सांगणारा माणूस, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

शेवटी मीच मामांच्या घरी फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"तुला रंग कोणता आवडतो गं?"

"तब्येत बरी हाय ना तुमची?" मामींनी विचारलं. मामांनी पुन्हा तेच विचारलं. मग, "जांभळा."

मामांनी लगेच जांभळं रेशीम साडीच्या मापानं कापून घेतलं. उठण्याआधी मात्र उलगडलेलं सगळं कापड स्वतः घडी करून ठेवलं. ती बाई नको नको म्हणत होती.

त्यानंतर मामा तीन वर्षं होते. त्यांना जांभळ्याचं वेडच लागलं. साड्या जांभळ्या, शाल जांभळी, एकदा तर घराचं दारही जांभळं रंगवलं. आम्ही खूप चिडवायचो.

मामा गेले. दिवस झाल्यावर मी भेटायला गेलो. मामी जांभळ्याच साडीत बसल्या होत्या. मी म्हणालो, "मामी, तुमचा रंग त्यांनी नंतर मनापासून जपला."

"माझा कसला रंग, भाऊ," मामी म्हणाल्या. "त्या दिशी मला काई आठवंनाच. कुणी इचारलंच नव्हतं कधी. तोंडाला आला तो सांगितला."

त्यांनी पदर सारखा केला.

"आता दुसरा नेसवत न्हाई."